‘कर्नल मार्च इन्व्हेस्टिगेट्स’ पाहताय? या चुका टाळा

भयपटांतला गाजलेला नट बोरिस कार्लॉफचं नाव वाचून हा १९५३चा ब्रिटिश चित्रपट लावायचा आणि अर्ध्यात ‘गोष्ट भरकटली’ म्हणून बंद करायचा, ही पहिली चूक. बँकेतल्या चोरीचा धागा पुढच्या खुनाशी जुळत नाही, कारण तो जुळणारच नसतो. कर्नल मार्च या पोलीस डिटेक्टिव्हवरच्या (भूमिका कार्लॉफची) टीव्ही मालिकेसाठी आधी केलेले तीन भाग जोडून हा चित्रपट बनलाय. एकेक प्रकरण संपलं की थांबा, हवं तर पुढचं उद्या पाहा.

दुसरी चूक सालांची. ‘मालिका चालली, मग तिचे तुकडे जोडून चित्रपट काढला’ असं सर्रास लिहिलं जातं. पण ब्रिटनमध्ये आयटीव्ही हे खासगी चॅनल सुरू झालं सप्टेंबर १९५५ मध्ये, आणि ही मालिका तिथे दिसली ती त्यानंतर. म्हणजे तिथल्या प्रेक्षकांना कर्नल मार्च आधी थिएटरात भेटला. तेव्हा मुख्य चित्रपटासोबत एक छोटा चित्रपट दाखवायची पद्धत होती, शिवाय ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवणं थिएटरांना कायद्याने बंधनकारक होतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन भाग त्या जागी चपखल बसले.

तुमच्याकडची फाइल अर्ध्या तासाच्या आत संपत असेल, तर तो मालिकेच्या २६ भागांपैकी एखादा भाग आहे. चित्रपट साधारण ७० मिनिटांचा.

दिग्दर्शक साय एंडफील्डला ‘बी ग्रेडवाला’ म्हणून निकालात काढू नका. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या, हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे त्याला अमेरिका सोडावी लागली होती. पुढे ‘झुलू’ (१९६४) त्यानेच केला. मालिकेच्या लेखनातही काळ्या यादीतली माणसं टोपणनावाने होती, तेव्हा श्रेयनामावलीवर डोळे झाकून विसंबू नका.

मार्च हे पात्र ज्याचं, त्या लेखक जॉन डिक्सन कारच्या कथा वाचून आलेल्यांची तक्रार वेगळी असते: पुस्तकातला मार्च चांगला धिप्पाड, इथे सडपातळ कार्लॉफ आणि डोळ्यावर पट्टी. ते सोडून द्या. कारचं खरं बळ अशक्य वाटणाऱ्या गुन्ह्यात आहे, आणि ते इथे टिकलंय. माणूस नाही, नुसते हातमोजे पिस्तूल झाडतात! स्वस्तातल्या सेटचा इथे फायदाच होतो. खोल्या मोजक्या, सामान मोजकं, सगळा पुरावा समोरच. मार्च उलगडा सांगायला लागण्याआधी पॉज करा आणि ती खोली पुन्हा एकदा नीट पाहा.