बंद फलाट पुन्हा सुरू करायचे असतील तर: वॉटर्लू स्थानकाच्या आधारे

मोठ्या स्थानकात वापराविना पडून असलेले फलाट दिसले की प्रवासी संघटनांच्या निवेदनात 'ते तातडीने सुरू करावेत' हे वाक्य हमखास येते, आणि मागणी म्हणून ते रास्तही असते. मात्र फलाट सुरू करणे म्हणजे गाडी तिथवर आणून उभी करणे नव्हे; गाडीतून उतरलेला माणूस विनाअडथळा रस्त्यावर पोहोचला पाहिजे. हा क्रम उलटा धरला की पैसा रुळांवर खर्च होतो आणि गर्दी जिन्यावर तशीच राहते. स्थानकाच्या आराखड्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांना हे काम कोणत्या क्रमाने विचारात घ्यावे हे कळावे, म्हणून लंडनच्या वॉटर्लू स्थानकाचे उदाहरण येथे घेतले आहे.

वॉटर्लूचे २० ते २४ क्रमांकाचे पाच फलाट युरोस्टार गाड्यांसाठी बांधले गेले आणि नोव्हेंबर १९९४ पासून तेथून पॅरिस व ब्रसेल्सच्या गाड्या सुटू लागल्या. निकोलस ग्रिमशॉ यांच्या वास्तुसंस्थेने आखलेले, सुमारे ४०० मीटर लांबीचे ते वळणदार काचेचे छप्पर वास्तुकलेच्या जगात गाजले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी तेथून शेवटची युरोस्टार गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ही सेवा सेंट पँक्रस स्थानकात हलली. त्यानंतर २० क्रमांकाचा फलाट स्थानिक गाड्यांना मिळायला २०१४ साल उजाडले. २१ व २२ डिसेंबर २०१८ मध्ये आणि २३ व २४ मे २०१९ मध्ये नियमित वापरात आले. ब्रिटनमधील सर्वाधिक वर्दळीच्या स्थानकांत गणल्या जाणाऱ्या ठिकाणी तयार छप्पर, तयार रूळ आणि तयार फलाट असूनही अकरा वर्षांहून अधिक काळ गेला. याचे एक मोठे कारण इमारतीच्या रचनेत होते आणि आपल्या कामाची पहिली पायरीही तेथेच सापडते.

ते टर्मिनल विमानतळाच्या धर्तीवर बांधलेले होते. प्रवासी खालच्या मजल्यावर येत, सामानाची व पारपत्राची तपासणी करून घेत, प्रतीक्षागृहात बसत आणि गाडी सुटण्याच्या थोडे आधी वर फलाटावर जात. कार्यालयात जाणारा माणूस असा वागत नाही. तो गाडीच्या चार मिनिटे आधी धावत येतो, मुख्य दालनातून तिकिटाच्या स्वयंचलित दरवाजांतून सरळ फलाटावर जातो आणि संध्याकाळी त्याच वाटेने तितक्याच घाईने परततो. जुनी वाट त्याच्या उपयोगाची नव्हती, म्हणून मुख्य दालन आणि या फलाटांची टोके यांच्यामध्ये एकाच पातळीवर चालत जाता येईल अशी नवी जमीन तयार करावी लागली. तेव्हा बंद फलाटाची पाहणी करायला जाताना प्रथम स्थानकाचा नकाशा घ्यावा आणि रस्त्यावरील बसथांब्यापासून फलाटाच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढावी. ही रेघ जिथे जिना चढते, जिथे वळते आणि जिथे दुसऱ्या फलाटावरून येणाऱ्या लोकांची रेघ तिला छेदते, तिथे खूण करावी. खुणा पाच-सहाहून अधिक झाल्या तर अडचण फलाटात नसून वाटेत आहे असे समजावे.

यानंतर माणसे मोजावीत. लंडन अंडरग्राउंडच्या आराखड्याच्या निकषांनुसार सपाट मार्गिकेच्या एक मीटर रुंदीतून एकाच दिशेने चालणारी सुमारे ५० माणसे मिनिटाला जातात आणि दोन्ही दिशांनी ये-जा असेल तर ४०. जिन्यावर हेच आकडे अनुक्रमे ३५ आणि २८ असे घटतात. समजा, एका गाडीतून १,००० माणसे उतरली आणि त्यांच्यासाठी तीन मीटर रुंदीचा एकच जिना आहे, ज्यावरून लोक चढतही आहेत आणि उतरतही आहेत. मिनिटाला ८४ माणसे या हिशेबाने फलाट रिकामा व्हायला जवळपास १२ मिनिटे लागतील. पुढची गाडी सहा मिनिटांनी येणार असेल, तर पहिल्या गाडीतील निम्मी माणसे फलाटावरच उभी असताना दुसऱ्या गाडीची माणसे त्यांच्यात मिसळतील. हा गुणाकार शाळकरी मुलालाही येतो, तरीही अनेक निवेदनांत तो नसतो. निवेदनात तो घातला की चर्चेचा सूर बदलतो, कारण 'गर्दी फार होते' या वाक्याला उत्तर देणे सोपे असते, बारा मिनिटांना नसते.

मोजणी प्रत्यक्ष उभे राहून करावी. कॅमेऱ्याच्या चित्रणात काही गोष्टी निसटतात. सकाळी दादरच्या एखाद्या पुलाच्या पायथ्याशी हातात माणसे मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन अर्धा तास उभे राहिल्यास लक्षात येते की रांग रुंदीच्या अभावी जितकी तुंबते, तितकीच ती माणसे मध्येच थांबल्यामुळे तुंबते. शेवटच्या पायरीवर उतरलेला माणूस क्षणभर थांबून गाडीची वेळ दाखवणाऱ्या इंडिकेटरकडे मान वर करतो आणि त्याच्या मागचा त्याच्या पिशवीला अडखळतो. तिसरा कडेने निघू पाहतो, तर कडेला कोणीतरी छत्री झटकत असते. इंडिकेटर जिन्यापासून दहा-पंधरा पावले पुढे सरकवला तर हा खोळंबा बऱ्याच अंशी सुटतो आणि त्याला सिमेंटचे एक पोतेही लागत नाही. मोजणीचा एक दिवस भर पावसाचा असावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर, म्हणजे आजच्या प्रभादेवीला, चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला तेव्हा पाऊस कोसळत होता, पुलावरची माणसे आडोशाला थांबून राहिली होती आणि खालून गाड्यांची माणसे वर येतच होती. कोरड्या दिवशीच्या मोजणीत अशा पुलाची खरी क्षमता कळत नाही.

वाटेचा हिशेब जुळला की मग रुळांकडे वळावे. जिथे रूळ संपतात अशा टोकाच्या स्थानकात फलाटांची संख्या वाढवली तरी गाड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढतेच असे नाही, कारण स्थानकाच्या तोंडाशी सगळे मार्ग एकमेकांना छेदतात आणि एका गाडीला वाट देताना दुसरीला सिग्नलवर थांबवावे लागते. वॉटर्लूचे हे पाच फलाट स्थानकाच्या एका कडेला असल्यामुळे त्याच बाजूने येणाऱ्या विंडसर व रेडिंगकडच्या मार्गांना ते देता आले आणि छेदणाऱ्या मार्गांची गुंतागुंत टळली. आपल्या स्थानकातील बंद फलाट कोणत्या मार्गाच्या बाजूला आहे, हे पाहिल्यावाचून 'आणखी इतक्या फेऱ्या वाढतील' असा आकडा कोणीही देऊ नये.

खुद्द फलाटाच्या बाबतीत लांबी, उंची, वळण आणि पाण्याचा निचरा या गोष्टी तपासाव्यात. वळणावरच्या फलाटात डबा आणि कड यांच्यातील फट मध्यभागी किंवा टोकांना रुंदावते आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला ती ओलांडता येत नाही. मुंबई उपनगरी मार्गावर फलाटांची उंची ९०० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर वेगाने झाले. बंद फलाट मात्र अशा फेरीतून सुटलेले असतात, म्हणून त्यांची उंची स्वतंत्रपणे मोजून घ्यावी. लिफ्ट जिन्याच्या शेजारीच असावी. ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर ज्याला चालणे जड जाते त्यालाच सर्वांत लांब चालावे लागते.

सर्वांत जास्त सावधगिरी प्रत्यक्ष कामाच्या काळात लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉटर्लूच्या १ ते ४ क्रमांकाच्या फलाटांवर दहा डब्यांची गाडी मावावी म्हणून त्यांची लांबी वाढवण्याचे काम तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले आणि त्या काळात स्थानकाचा मोठा भाग बंद राहिला. तेव्हा जुने युरोस्टार फलाट तात्पुरते उघडून गाड्यांना जागा करून दिली होती. बंद फलाटाचा हा उपयोग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: तो आधी पर्यायी जागा म्हणून वापरावा, त्यातल्या उणिवा पाहाव्यात आणि मग पुन्हा बंद करून कायमचे काम करावे. परंतु त्याच काळात, १५ ऑगस्टच्या पहाटे, स्थानकातून निघालेली एक प्रवासी गाडी चुकीच्या स्थितीत असलेल्या, गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांवरून वळली आणि कामगारांच्या संरक्षणासाठी शेजारच्या रुळावर उभ्या केलेल्या गाडीला घासून रुळांवरून उतरली. कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत आढळले की सिग्नल यंत्रणेच्या चाचणीसाठी जोडलेली, आराखड्यात न दाखवलेली तात्पुरती तार तशीच राहिली होती आणि तिच्यामुळे सांधे नीट बसलेले नसतानाही यंत्रणेला ते बसलेले दिसत होते. वॉटर्लूपासून फार दूर नसलेल्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ १९८८ मध्ये ३५ जणांचा जीव घेणाऱ्या अपघाताचे मूळही न काढलेल्या एका जुन्या तारेत होते. म्हणून जोडलेल्या प्रत्येक तात्पुरत्या तारेची, फळीची आणि अडथळ्याची नोंद एका वहीत करावी, ती काढल्यावर काढणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने वेगवेगळी सही करावी आणि दोन्ही सह्या झाल्याशिवाय त्या रुळावर गाडी सोडू नये.

ब्लॉक, म्हणजे कामासाठी वाहतूक बंद ठेवण्याचा काळ, मोठा घ्यावा की लहान लहान, हा वाद प्रत्येक वेळी होतो. मध्य रेल्वेने ठाण्याचा ५ क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी मे २०२४ च्या अखेरीस सलग ६३ तासांचा ब्लॉक घेतला आणि आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे वापरून काम उरकले. प्रवाशांचे हाल झाले खरे, पण महिनोन्महिने दर रविवारी तोच फलाट खणत राहण्यापेक्षा ते बरे, असे माझे मत आहे. अट एवढीच की तारीख पुरेशी आधी जाहीर झालेली असावी.

जागा मोकळी करण्याचे काम फलाटाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते करताना कधीकधी एखादा फलाट बंदही करावा लागतो. दादरला मध्य रेल्वेने २०२३ मध्ये जुना २ क्रमांकाचा फलाट बंद करून शेजारचा १ क्रमांकाचा रुंद केला. वॉटर्लूमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकपूर्वी मुख्य दालनावर एक लांब सज्जा बांधून खालची काही दुकाने वर नेली, त्यामुळे चालण्याची जागा वाढली आणि शेजारच्या वॉटर्लू ईस्ट स्थानकाकडे जाणारी वाटही सुटी झाली. दुकाने हटवताना विरोध होतो; त्यांना पर्यायी जागा आधी दाखवावी आणि मगच नोटीस द्यावी.

फलाट उघडण्याच्या किमान महिनाभर आधी क्रमांक ठरवावेत. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट एकेकाळी १ पासूनच मोजले जात, त्यामुळे 'एक नंबरला ये' या निरोपाचे दोन अर्थ होत. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक मिळाल्यावर तो घोळ मिटला. नवा क्रमांक पाटीवर, इंडिकेटरवर, उद्घोषणेत आणि हमालांच्या तोंडी एकाच दिवशी बदलला पाहिजे, तोपर्यंत जुन्या क्रमांकाची पाटी खाली लहान अक्षरांत ठेवावी. फलाट सुरू झाल्यावर पहिले चार आठवडे ज्या ठिकाणी आधी मोजणी केली होती त्याच पायरीवर, त्याच वेळी पुन्हा उभे राहावे आणि फलाट रिकामा व्हायला लागणारी मिनिटे आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावीत.