पीडीएफ चढवण्याआधी एक ओळ कॉपी करून बघा

अमळनेर-चाळीसगावकडच्या एखाद्या वाचनालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली, म्हणजे अंध वाचकाला ती ऐकू येतीलच असं नाही. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच येत नसेल, तर पान म्हणजे नुसता फोटो. त्यावर मराठी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, चालवा. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, तर फॉन्ट जुना. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणा. नाहीतर मजकूर वाचून दाखवणारे संगणकावरचा एनव्हीडीए, फोनवरचा टॉकबॅक दोघंही हतबल. अहिराणी मजकूर मात्र स्वतः वाचून काढाच, ‘शे’, ‘व्हयनं’ हे यंत्राच्या ओळखीचे नव्हेत! आणि कॉपीराइटचं म्हणाल, तर २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर अशी प्रत करता येते. फक्त ती त्यांच्यापुरतीच ठेवा, सगळ्यांना खुली नको.