हात सोडून पळणारे मूल आणि गर्दीची ठिकाणे : या चुका टाळा

दीड ते तीन वर्षे वयाच्या काही मुलांना, पायांत बळ आल्यापासून, चालणे म्हणजे पळणे एवढेच ठाऊक असते. हात सुटला रे सुटला की ती दिसेल त्या दिशेला धाव घेतात आणि मागे वळूनही पाहत नाहीत. अशा मुलांचे पालक क्वचितच बेफिकीर असतात. बहुतेकदा ते इतरांपेक्षा अधिक सावध असतात. तरीही मूल निसटते, कारण सगळी भिस्त एकतर मुलाच्या समजूतदारपणावर ठेवलेली असते किंवा ‘आमचे लक्ष आहे’ या विश्वासावर. मूल हाताच्या अंतरात असणे आणि ते नेमके कोणाच्या हाताच्या अंतरात आहे हे ठरलेले असणे, या दोन गोष्टींवर भर दिला तर पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका टळतात.

‘त्याला समजावले आहे’ यावर विसंबणे

दोन वर्षांच्या मुलाला ‘पळायचे नाही’ हे वाक्य कळते आणि विचारल्यास ते मान डोलावून होकारही देते. हा होकार खोटा नसतो. मात्र मनात आलेली ऊर्मी आवरून धरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. त्यामुळे समोर फुगा, पक्षी किंवा पायऱ्या दिसल्या की दिलेला शब्द आठवण्याआधीच पाय निघालेले असतात. मुलाचा वेग सेकंदाला केवळ एक मीटर धरला, तरी पाकिटातून पैसे काढून देण्याच्या दहा सेकंदांत ते दहा मीटरांवर पोहोचते, आणि गर्दीत दहा मीटरांवरचे मूल दिसत नाही.

वाहने उभी करण्याच्या जागेत याचा धोका सर्वांत जास्त असतो. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे 85 ते 90 सेंटीमीटर असते, म्हणजे गाडी मागे घेणाऱ्या चालकाला ते आरशात दिसेलच असे नाही. आणि येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज या वयात मुळीच येत नाही. म्हणून एक मोठा माणूस आधी खाली उतरून दाराशी उभा राहावा, सामान काढून व्हावे आणि मगच मुलाला उतरवून थेट त्याचा हात धरावा. परतताना क्रम उलटा ठेवावा: मूल आधी बसवावे, पट्टा लावावा आणि नंतर सामान ठेवावे.

सगळ्यांचे लक्ष, म्हणजे कोणाचेच नाही

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना आम्ही चार मोठी माणसे एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. मी काउंटरवर अर्ज भरत होते. तो वडिलांजवळ आहे असे मी धरून चालले होते, आणि त्याच्या वडिलांना तो माझ्या पायाशी उभा आहे असे वाटत होते. दोन मिनिटेही गेली नसतील. तो सापडला तो सरकत्या जिन्याच्या तळाशी. जमिनीतून एकामागून एक वर येणाऱ्या पायऱ्यांकडे तो टक लावून पाहत होता आणि पायरी जिथून बाहेर येते त्या फटीकडे त्याने बोट पुढे केले होते. एका अनोळखी बाईंनी त्याचा सदरा पाठीमागून मुठीत घट्ट धरून ठेवला होता. त्यांची ती मूठ मी आजही विसरलेले नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात जबाबदारी बोलून सोपवली जाते. ‘आता हा तुझ्याकडे’ असे एकाने म्हणायचे, ‘हो, माझ्याकडे’ असे दुसऱ्याने उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर कानांवर पडेपर्यंत पहिल्याने जागेवरून हलायचे नाही. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते. पण मूल हरवते ते अशाच न बोललेल्या क्षणांत. माणसे जितकी जास्त, तितकी ही काळजी अधिक घ्यावी लागते, हे समारंभांत आणि सहलींत विशेष लक्षात ठेवावे.

पाण्याजवळ हा नियम आणखी कडक हवा. लहान मूल काही सेंटीमीटर खोल पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते ओरडत नाही की हातपाय आपटून लक्ष वेधत नाही. बहुतेक वेळा सारे निःशब्दपणे घडते. म्हणून तलाव, कारंजे किंवा पोहण्याच्या हौदाजवळ मूल ज्याच्या ताब्यात असेल त्याने फोन बाजूला ठेवावा, हात लांबवला की मूल हाती येईल इतक्याच अंतरावर राहावे आणि लक्ष थकण्यापूर्वी, साधारण पंधरा मिनिटांनी, पाळी बदलावी.

पळण्याचा खेळ होऊ देणे

घरात किंवा अंगणात आपण हसत मुलामागे धावतो आणि ‘आता पकडते हं’ म्हणतो. मूल त्यातून इतकेच शिकते की, आपण पळालो की मोठी माणसे मागे येतात आणि मजा येते. तेच मूल रस्त्याच्या कडेला हात सोडून पळते तेव्हा आपल्या ओरडण्याचा अर्थ त्याला निराळा लागत नाही. पाठलागाचा खेळ बंदच करावा असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या जोडीला थांबण्याचा खेळही हवा. मोकळ्या, सुरक्षित जागी दोघांनी मिळून पळावे, ‘थांब’ म्हणताच दोघांनीही जागच्या जागी स्तब्ध व्हावे आणि मूल थांबले की लगेच कौतुक करावे. रोज चार-पाच वेळा असे केल्यास काही आठवड्यांत त्या शब्दाला मुलाचे शरीर आपोआप प्रतिसाद देऊ लागते. शब्द मात्र एकच असावा, घरातील सर्वांनी तोच वापरावा आणि दिवसभर किरकोळ कारणांसाठी तो खर्च करू नये. ‘पळू नकोस’ याऐवजी ‘थांब’ किंवा ‘माझा हात धर’ म्हणणे चांगले, कारण काय करायचे नाही यापेक्षा काय करायचे हे मुलाला लवकर उमगते. तरीही हा सराव केवळ जोड आहे. हाताची जागा तो घेऊ शकत नाही.

हात चुकीच्या पद्धतीने धरणे

मुलाने आपले बोट धरले असेल तर ते सोडण्याचा अधिकार मुलाकडे असतो. गर्दीत आपण त्याचे मनगट हलक्या पण पक्क्या पकडीत धरावे. मूल झटका देऊन सुटू पाहत असेल तेव्हा त्याला एका हाताने ओढणे किंवा उचलणे मात्र कटाक्षाने टाळावे. पाच वर्षांखालील मुलांच्या कोपरातील हाडाभोवतीचा अस्थिबंध सैल असतो, आणि अशा हिसक्याने हाड जागेवरून किंचित सरकते. मूल रडते आणि तो हात वापरायचा सोडून देते. डॉक्टर ते सहसा क्षणात जागेवर बसवतात, मात्र घरी स्वतः प्रयत्न करू नये. मूल ओढ घेऊ लागले की आपण खाली वाकावे आणि दुसरा हात त्याच्या छातीभोवती घालून त्याला जवळ घ्यावे.

मनगटाचा किंवा पाठीवरचा सुरक्षा-पट्टा वापरण्याचा अनेकांना संकोच वाटतो, कारण लोक काय म्हणतील ही धास्ती असते. बाळ कडेवर असताना मोठ्या भावंडाला सांभाळावे लागते, तेव्हा असा पट्टा मोठा आधार ठरतो. तो मुलाला खेचण्यासाठी वापरू नये, कशालाही बांधून ठेवू नये आणि सरकत्या जिन्यावर जाण्याआधी काढून मुलाला कडेवर घ्यावे.

ओळखीची तयारी नसणे

निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढावा; घाबरलेल्या मनाला सदऱ्याचा रंगही आठवत नाही. फोन क्रमांक मनगटावर किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला लिहावा. नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

मूल दिसेनासे झाल्यावर

पहिली चूक म्हणजे ‘असेल इथेच’ म्हणत एकट्याने शोधत राहणे. तेथील कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे आणि बाहेर जाण्याच्या दारांवर माणसे उभी करण्याची विनंती करावी. अमेरिकेतील दुकानांत 1994 साली सुरू झालेल्या ‘कोड ॲडम’ या पद्धतीचा गाभाही हाच आहे: मुलाचे वर्णन सर्वांना सांगायचे, दारांवर लक्ष ठेवायचे आणि तोवर आत शोध चालू ठेवायचा.

दुसरी चूक म्हणजे केवळ नाव घेऊन हाका मारणे. नाव ऐकून भोवतालच्या लोकांना काहीच कळत नाही. ‘लाल सदरा, निळी चड्डी, दोन वर्षांचा मुलगा दिसला का?’ असे मोठ्याने विचारले की आजूबाजूच्या पन्नास माणसांच्या नजरा खाली वळतात. एकाने मूल शेवटचे दिसले त्याच जागी थांबावे. बाकीच्यांनी आधी पाणी, मग रस्ता आणि जिने पाहावेत. टांगलेल्या कपड्यांच्या मागे किंवा टेबलाखाली मूल लपलेले असू शकते, परंतु तिथे त्याला तत्काळ धोका नसतो. घाबरलेले किंवा लपलेले मूल हाकेला ओ देईलच असे नाही, म्हणून वाकून, मुलाच्या उंचीवरून पाहावे. पोलिसांना कळवण्याआधी काही तास थांबावे लागते हा समज चुकीचा आहे.

मूल सापडल्यावर त्याला मारणे ही तर फार मोठी चूक आहे. सापडल्याची शिक्षा मिळते असे त्याला वाटले, तर पुढच्या वेळी ते लपून राहील.

सतत पळणे हा केवळ हूडपणा समजणे

तीन वर्षे उलटल्यावरही मूल पुन्हा पुन्हा निघून जात असेल, नावाने मारलेल्या हाकेकडे वळून पाहत नसेल आणि बोलणेही उशिरा येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे असू शकतात. ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळपास निम्म्या पालकांनी आपले स्वमग्न मूल चौथ्या वर्षानंतर किमान एकदा सुरक्षित जागा सोडून निघून गेल्याचे किंवा तसा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. अशा मुलासाठी दाराला उंचावर कडी बसवावी, शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवावी आणि ते कशाकडे धावते याची नोंद ठेवावी. पाण्याची ओढ असल्याचे दिसले, तर घराजवळील प्रत्येक पाणवठा आधीच पाहून ठेवावा, म्हणजे मूल निसटल्यास प्रथम कुठे धावायचे हे घरातील प्रत्येकाला माहीत असेल.