व्हेरिएबल डिक्लेअर केलं, पण व्हॅल्यू दिली का? जावात या चुका टाळा

सांगलीतल्या मुलांनी जावाचा प्रोजेक्ट करायचा म्हटलं, की हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब हा विषय हाताशीच असतो. लॉट नावाचा क्लास, आत शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर. प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो आणि पट्टीवर रक्कम येते ०. अशा वेळी गुणाकाराचं सूत्र तपासत बसू नका, आधी कन्स्ट्रक्टर उघडा, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा क्लासमधला कोड.

क्लासमध्ये 'डबल दर;' (डबल म्हणजे दशांश आकडा) लिहिलं म्हणजे फक्त नाव आणि टाइप ठरला. क्लासमधल्या अशा व्हेरिएबलला फील्ड म्हणतात. फील्डला तुम्ही व्हॅल्यू दिली नाही तर जावा स्वतःच देते: आकड्यांना शून्य, बूलियनला फॉल्स, ऑब्जेक्टला नल, म्हणजे 'काहीच नाही'. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात घातक वाटते.

कन्स्ट्रक्टरमध्ये बहुतेक वेळा 'डबल दर = द;' असं लिहिलेलं सापडतं. पुढे 'डबल' लागल्यामुळे तिथे नवंच लोकल, म्हणजे तेवढ्यापुरतं, व्हेरिएबल तयार झालं. दर म्हणून दिलेले १४,५०० त्यात गेले, कन्स्ट्रक्टर संपला आणि ते व्हेरिएबलही संपलं. फील्ड शून्यावरच. पॅरामीटरचं नावही 'दर' असेल तर 'दर = दर;' ही ओळ पॅरामीटरची व्हॅल्यू पॅरामीटरलाच देते. पहिल्या ठिकाणी 'धिस.दर = द;' आणि दुसऱ्या ठिकाणी 'धिस.दर = दर;' हवं. त्याहून पक्का उपाय म्हणजे न बदलणारी फील्ड्स 'फायनल', म्हणजे एकदाच व्हॅल्यू घेणारी, करा. मग या दोन्ही चुका कंपायलरच अडवतो.

मेथडमधल्या लोकल व्हेरिएबलला मात्र जावा डिफॉल्ट देत नाही. 'माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइज्ड' असा एरर आला, की पुष्कळजण '= ०' लावून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. प्रतीप्रमाणे दर ठरवणाऱ्या इफमध्ये शेवटचा एल्स राहिलाय, हे कंपायलर सांगत असतो. शून्य लावलंत तर एरर जाईल, पण चौथ्या प्रतीची हळद फुकट विकली जाईल.

'न्यू लॉट[६०]' म्हणजे ६० लॉट नव्हेत, ६० नल. लूप फिरवून प्रत्येक जागी 'न्यू लॉट' करावाच लागतो. अ‍ॅरेलिस्टचं फील्ड नुसतं डिक्लेअर करून ॲड केलं तरी तेच, नलपॉइंटरएक्सेप्शन. जावा १५ पासून नेमकं काय नल होतं ते मेसेजमध्येच येतं, तेव्हा तो पूर्ण वाचा.

सी प्लस प्लसकडे वळणाऱ्यांनी एवढं सांभाळा: तिथे लोकल इंटमध्ये शून्यही नसतं, काहीही कचरा असू शकतो. शिवाय मेंबर्स इनिशियलाइज होतात ते क्लासमधल्या डिक्लेरेशनच्या क्रमाने, कन्स्ट्रक्टरमध्ये व्हॅल्यू देणाऱ्या यादीच्या नव्हे. 'रक्कम' आधी आणि 'वजन', 'दर' नंतर डिक्लेअर केले असतील, तर वजन गुणिले दर हा हिशेब कचऱ्यावरच होतो. जी प्लस प्लस या कंपायलरला 'वॉल' (-Wall) हा ऑप्शन देऊन कंपाइल करा, क्रम उलटा असल्याची वॉर्निंग मिळते.