बक्षीसपत्रावर सही करण्याआधी या चुका टाळा

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार सोडला तर, 200 रुपये. एवढ्यात काम होतंय म्हटल्यावर ‘बाबा, मागाहून भानगड नको, आत्ताच नावावर करून टाका’ हा आग्रह सुरू होतो. बाबा दुय्यम निबंधकाकडे जाऊन फोटो आणि अंगठा देऊन येतात. घर त्या दिवशीच गेलेलं असतं.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो. ‘मुलानं बघितलं नाही तर घर परत घेता येतं’ एवढंच त्यातलं लक्षात राहतं. कलम 23 तसं म्हणतं खरं, पण देखभालीच्या अटीवर दिलेल्या मिळकतीबद्दल. आणि नेमकी ती अटच दस्तात नसते. टायपिस्टकडच्या ठरलेल्या मसुद्यात ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता’ एवढंच असतं, वर ‘विनाअट’सुद्धा घातलेलं असतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ नातं आहे म्हणून अट होतीच असं धरता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र याच न्यायालयानं रद्द केलं, तेव्हा मुलानं सांभाळण्याचं दिलेलं वेगळं वचनपत्र तिच्या हाताशी होतं.

तेव्हा अट दस्तातच लिहून घ्या (‘लिहून देणार’ म्हणजे मिळकत देणारे आई-वडील, ‘लिहून घेणार’ म्हणजे ती घेणारं मूल): ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे हयातीत अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार पाहावेत, या अटीवर ही मिळकत दिली आहे, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ मुलाचं तोंड वाकडं झालं, तर ते सहीच्या आधी झालेलं बरं. वडील गेल्यावर आईकडून एका भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून घेतात, तिथंही हीच काळजी. माझं विचाराल तर हयातीत बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि मन बदललं तर नवं करता येतं.

याच कायद्याखाली मुलांकडून दरमहा खर्चाला पैसे, म्हणजे निर्वाहभत्ता, मागता येतो. त्याच्या अर्जातही घोटाळे होतात. लोक आधी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात, मग दिवाणी दाव्याची चौकशी करतात. अर्ज द्यायचा असतो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. मुलगा पुण्यात आणि आई लातूरला असेल तर लातूरला अर्ज चालतो. वकील लावायची गरज नाही. स्वतः जाणं जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी 30. तोवरच्या खर्चासाठी अंतरिम भत्ता मागायला बहुतेक जण विसरतात.

अर्जात सुनेचं नाव सगळ्यात वर घालायची खोड आहे. कायद्यातल्या ‘मुलां’त मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं येतात, सून-जावई नाहीत. मूलबाळ नसेल तर ज्याला वारसाहक्कानं मिळकत मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून भत्ता मागता येतो. सुनेला घराबाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरू पाहणाऱ्यांनी 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघावा: कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला दिलेला राहण्याचा हक्क यामुळे आपोआप संपत नाही.

रकमेचंही तसंच. केंद्राच्या कायद्यात भत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. मुलाची कमाई भरपूर आणि औषधांचाच खर्च त्याहून जास्त असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायालयात जाता येतं. तिथं अशी मर्यादा नाही. पण दोन्हीकडे एकदम दावा लावता येत नाही, आधीच विचार करून एक वाट धरा.

आदेश मिळाल्यावर तर लोक ढिलेच पडतात. दोन महिने पैसे येतात, मग बंद. ‘दिवाळीला देईल’ म्हणत वर्ष जातं. थकलेल्या रकमेच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून भत्ता रोखीत घेऊ नका, बँक खात्यातच मागा, म्हणजे कुठला महिना चुकला ते पासबुकातच दिसतं. अर्ज कुठं, कसा हे विचारायला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो.