अप्लाय मारण्याआधी

टेराफॉर्म (सर्व्हर, डेटाबेस वगैरे कोडमधून उभारणारं टूल) अप्लाय मारण्याआधी, म्हणजे बदल प्रत्यक्ष लागू करण्याआधी, काय बदलणार त्याचा प्लॅन दाखवतं. तो आला की आधी शेवटची ओळ बघा. ‘डिस्ट्रॉय’च्या आधीचा आकडा शून्य नसेल तर हात तिथेच थांबवा आणि वर जाऊन उणे-अधिकची (-/+) खूण असलेली प्रत्येक ओळ वाचा. ती खूण म्हणजे आहे ते पाडून नवं उभारणार. वेब सर्व्हर असेल तर चालून जातं. पण ‘एडब्ल्यूएस’च्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) आरडीएस सेवेतल्या डेटाबेसला एन्क्रिप्शन चालू करायची एवढीशी ओळ बदलली, तरी प्लॅन ‘मस्ट बी रिप्लेस्ड’ म्हणतो, आणि नवा डेटाबेस मिळतो तो रिकामा. म्हणून अशा रिसोर्सवर (कोडमधून उभारलेल्या घटकावर) ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ हे पाडणं अडवणारं सेटिंग लावून ठेवा. त्यावरही विसंबू नका: कुणी तो अख्खा ब्लॉकच कोडमधून काढला तर त्याच्यासोबत हे कुलूपही जातं. डेटाबेसचं स्वतःचं डिलीशन प्रोटेक्शन वेगळं चालू हवंच.

स्टेट फाइल (टेराफॉर्मने काय काय उभारलंय त्याची नोंद) कुणाच्याही लॅपटॉपवर नको. ती व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) असलेल्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या फाइलसाठ्यात, लॉकसकट ठेवा, म्हणजे एका वेळी एकच अप्लाय चालेल. अप्लाय आपोआप चालवणारी पाइपलाइन मध्येच मेली की लॉक अडकून राहतो. तो जबरदस्तीने सोडवण्याआधी टीममध्ये विचारा, खरंच कुणाचा अप्लाय चालू नाही ना. अँसिबल (अनेक मशीनवर एकदम सेटिंग्ज लावणारं टूल) असेल तर आधी चेक मोड (काही न बदलता केलेली तालीम), मग एकच मशीन, मग बाकीची. चेक मोड शेल कमांडची कामं वगळतो, तेव्हा तिथे सगळं हिरवं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका.

बॅकअप आहे का, हे विचारू नका; शेवटचा रिस्टोअर कधी केला ते विचारा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा कळलं की डेटाबेसचा रोजचा डंप (बॅकअपची प्रत) व्हर्जन न जुळल्याने होतच नव्हता. अपयशाचे मेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, म्हणून निभावलं.

आणि ऑटोमेशनच बंद पडलं तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या एका कमांडने फेसबुकचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता. डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) गेलं, त्याबरोबर दुरुस्तीची टूल्सही गेली. माणसं डेटासेंटरवर पाठवावी लागली. तेव्हा सिंगल साइन-ऑनवर (सगळीकडे चालणाऱ्या एकाच लॉगिनवर) अवलंबून नसलेलं एक आणीबाणीचं खातं ठेवा. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, आणि मुख्य सर्व्हरचे आयपी, फोन नंबर, हाताने सुरू करायच्या कमांड्स कागदावर. रनबुक (बिघाड झाल्यावर काय करायचं त्याच्या सूचना) ज्या विकीवर आहे ती विकीही, जो बंद पडला तर ते लागेल त्याच क्लस्टरवर (सर्व्हरच्या समूहावर) चालते का, तेवढं आजच तपासा.