काळी माती पाणी मुरवते की अडवते? चौथी-पाचवीसाठी दोन तासिकांचा प्रयोग

परिसर अभ्यासातला मातीचा धडा बहुतेक ठिकाणी फळ्यावर तीन रकाने आखून उरकतो: वाळू, तांबडी, काळी. मुलं ते पाठ करतात आणि घरच्या शेतातली माती मात्र रकान्याबाहेरच राहते. हाच धडा तीन बाटल्यांवर घेता येतो, पण आदल्या दिवशी त्याच मातीवर एकदा स्वतः करून बघायला हवा. काळी माती भल्याभल्यांना तोंडघशी पाडते.

एक लिटरच्या पाण्याच्या तीन बाटल्या घ्या, तिन्ही एकाच कंपनीच्या. वरचा साधारण तिसरा भाग कापा. कापायचं काम शिक्षकांनीच करायचं आणि धारेला चिकटपट्टी लावायची. झाकण काढून तोंडाला जुन्या सुती साडीचा दुपदरी तुकडा रबराने घट्ट बांधा. हा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला की गाळणी तयार. तिन्हींना एकच कापड हवं. एकीला साडी आणि दुसरीला रुमाल बांधला, तर तुलना मातीची न राहता कापडाची होते.

माती दोन दिवस उन्हात वाळवा, ढेकळं विटेने फोडा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. पिठाच्या चाळणीत काळी माती अडकून बसते. प्रत्येक गाळणीत 150 मिली माती घाला, बाटली तीनदा हलकेच आपटा, दाबू नका. मग 100 मिली पाणी सावकाश ओता. मोजायला औषधाच्या बाटलीचं 10 मिलीचं झाकण चालतं. ओतण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचं: कोणत्या बाटलीतून आधी पाणी येईल आणि का. हे लिहून न घेता प्रयोग दाखवला, तर निकाल दिसताच सगळ्यांना ‘मला माहीतच होतं’ होतं.

आता कुठे बिघडतं ते. ढेकळं नीट फुटली नसतील तर काळ्या मातीतूनही पाणी धो-धो खाली येतं. ते मातीतून येतच नाही. ढेकळांमधल्या फटींतून आणि बाटलीच्या कडेने निसटतं. याउलट माती नीट बारीक असेल, तर पहिले 100 मिली ती जवळजवळ गिळूनच टाकते, खाली फार तर 5 मिली. मुलं लगेच म्हणतात, ‘काळ्या मातीत पाणी जातच नाही.’ इथे चूक सांगून मोकळे होऊ नका. विचारा: ओतलं 100, खाली आलं 5, वर साचलंय का? नाही? मग 95 गेलं कुठे? त्यानंतर आणखी 100 मिली ओता. आता पाणी वर साचून राहतं आणि खाली अगदी थेंबथेंब उतरतं. माती भिजल्यावर फुगली, वाटा अरुंद झाल्या. आधी पिते, मग अडवते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

ढेकळांची फसलेली बाटलीही फेकू नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पहिल्या वळवाचं पाणी असंच भेगांतून थेट खोल जातं आणि पुढच्या पावसांत भेगा मिटल्यावर वाफ्यात साचतं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे आपल्याहून जास्त माहीत असतं. त्यालाच सांगू द्या.

फुगणं-आकसणं मोजायचं असेल तर काळी माती कणकेसारखी मळून 10 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद पट्टी थापा. खाली प्लास्टिक, त्यावर तेलाचा हात. तेल विसरलात तर पट्टी चिकटते आणि आकसण्याऐवजी मधेच तडकते. मग तुकडे जोडून मोजत बसावं लागतं. शेजारी तांबड्या मातीची तशीच पट्टी ठेवा. सावलीत तीन-चार दिवसांनी दोन्ही पट्ट्या मोजपट्टीने मोजा.

दुसऱ्या तासिकेला ही माती आली कुठून ते घ्या. रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा नवं शेततळं उत्तम; मुलं कड्यापासून चार मीटर लांब, आणि नमुने शिक्षकांनीच आणायचे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरमातला एखादा गोल दगड हातात घ्या: कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, बाहेरचे बोटाने चुरता येतात, आतला गाभा मात्र घट्ट. दगडाची माती होताना या वयात याहून जवळून दाखवता येत नाही. कोकणात हे जमणार नाही, तिथे जांभा घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाळूचा खडक किंवा ग्रॅनाइट मिळेल. पुस्तकातलं चित्र गावाला लागू नसेल तर चित्र सोडा.

हा काळा खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दहा वर्षांच्या मुलाला हा आकडा म्हणजे नुसती शून्यं. 66 मीटर सुतळी मैदानाभोवती फिरवा. 1 मीटर म्हणजे 10 लाख वर्षं. आपल्यासारखी माणसं शेवटच्या साधारण 30 सेंटिमीटरमध्ये येतात, आणि 1674 चा राज्याभिषेक टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.

तास कसा झाला हे तपासायला ‘मुलांना मजा आली’ पुरत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद गप्प राहिलात. बहुतेकांचं उत्तर एक-दोन सेकंद निघतं. पुढच्या वेळी मनात पाचपर्यंत मोजा. मागच्या बाकावरचे हात तेव्हाच वर येतात. मुलांची चुकीची वाक्यं जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवा: ‘दगड वाढत्यात’, ‘माती आधीपासूनच हाय’. पुढच्या वर्षीचे प्रश्न याच वाक्यांतून काढा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीला, सजवलेला तक्ता नेण्यापेक्षा ती ढेकळांची बाटली न्या.